छबूबाईंची उतरवलेली माळ

नेवासा तालुक्यातल्या छबूबाईंना १९७१च्या उन्हाळ्यात स्वतःचे पाय परके वाटू लागले. बांधावर चप्पल निसटली तरी कळत नसे. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती; तिखटाचा कण लागला तरी भाजे.

गावच्या डॉक्टरांनी जीभ पाहिलीच नाही. गळ्यातली तुळशीची माळ पाहिली.

"माळकरी ना? उपास करता, मग रक्त कुठून येणार? काळीज खा."

माळ घालून मांस खाता येत नाही. नवरा भिमाजी यांनी माळ उतरवायला लावली, सासू राहीबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवली. छबूबाई नाक दाबून काळीज गिळत आणि उलटी करत. लोहाच्या गोळ्याही झाल्या. दिवाळीला त्या भिंत धरून चालत होत्या.

"चोरून उपास करती," राहीबाई शेजारणींना सांगत.

शेवटी नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर सुचित्राबाईंनी जीभ पाहिली, रक्त तपासलं, नळी घालून पोटातला रस काढला. त्यात आम्ल जवळपास नव्हतंच. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच जठराच्या अस्तरावर उलटली होती; अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व अंगी लागत नव्हतं. आता सुई जन्मभर, आधी वरचेवर, मग महिन्याला.

"मंग म्या काळीज खाल्लं ते?"

"तेही अंगी लागलं नसतं. हा आजार उपासानं होत नाही."

छबूबाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? आईला सांगा. न्हाई, ऱ्हाऊ द्या, मीच सांगते."

सुयांनी जीभ बरी झाली, चालणं सुधारलं. तळव्यांची जाण पुरती परतली नाही. उशीर झाला, असं सुचित्राबाईंनी स्पष्ट सांगितलं.

गावच्या डॉक्टरांनी रस्त्यात हटकलं, "काय, बऱ्या झालात ना?"

"बरी? इस्तवावर पाय पडला तरी कळत न्हाई मला. जीब बघायची सोडून माळ बघितली तुमी!"

डॉक्टर सायकलवर बसून निघून गेले.

उतरवलेली माळ पुन्हा ती घालणाऱ्या वारकरी महाराजांच्या हातूनच घालायची, अशी तिथली रीत. राहीबाई म्हणाल्या, "आधी त्यांच्यापुढं चूक कबूल कर. मांस खाल्लंय तू."

"म्या खाल्लं? तुमी खायला घातलं. ज्यांनी उतरवली त्यांनी कबूल करावं."

"नवऱ्याला महाराजांपुढं उभं करतीस व्हय?"

"करते."

भिमाजी खाली मान घालून गोठ्याकडे गेले. त्याला आता वर्ष होत आलं. माळेवाचून छबूबाईंना घास गोड लागत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण एकट्या जायला त्या तयार नाहीत, आणि भिमाजी अजून गेलेले नाहीत.