पुठ्ठा कोरडा होता

शफीकुल रोज संध्याकाळी लोडर जागेवर लावायचा आणि त्याच्या पोटाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवायचा. सकाळी आला की आधी पुठ्ठा ओढून त्यावर तेलाचे डाग आहेत का ते बघायचा, मगच चहा. त्याची ही सवय मला पहिल्या दिवसापासून खटकली होती. कोणी न सांगता एखादा माणूस इतकं नीट वागायला लागला, की ह्याला नक्की काहीतरी झाकायचं आहे, असं मला वाटतं.

माझा स्वभावच तसा आहे, त्याला मी तरी काय करू? सिंगापूरमध्ये क्रांजीच्या बाजूला छाटलेल्या फांद्यांचा भुसा करून खत बनवणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे मी मेंटेनन्स इंजिनीअर आहे. वुडलँड्सच्या फ्लॅटमधून निघताना कुलूप तीनदा ओढून बघतो आणि लिफ्टपाशी पोचल्यावर चौथ्यांदा बघायला परत जातो. उर्मिला, माझी बायको, लिफ्ट धरून उभी राहते. ती म्हणते, चोर आलाच तर तुमच्या चौकशीला कंटाळून निघून जाईल.

शफीकुल बांगलादेशातल्या कुश्तियाचा. वय बेचाळीस, अंगाने काटकुळा, उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला ओला टॉवेल. सिंगापूरमध्ये सोळा वर्षं झाली, त्यातली अकरा ह्याच लोडरवर. म्हणजे पुढे बादली असलेलं ते बुटकं यंत्र, जे जागच्या जागी गर्रकन वळतं आणि खताचे ढीग इकडचे तिकडे करतं. आमचा लोडर एकोणीस वर्षांचा. त्याच्याशी शफीकुल बंगालीत बोलायचा, माझ्याशी सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत. गावी दोन मुली, थोरली नर्सिंगला. ह्यापलीकडे मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये लोडरच्या हायड्रॉलिक टाकीतलं, म्हणजे ज्याच्या दाबावर बादली आणि चाकं हलतात ते, तेल कमी व्हायला लागलं. आधी गळती उघड दिसत होती. शफीकुलने सगळे पाइप पुसून कोरडे केले आणि त्यांच्यावर घामोळ्यांची पावडर भुरभुरली. ज्याच्या-त्याच्या बॅगेत असते तीच पावडर. दहा मिनिटं लोडर चालवून बंद केला, तेव्हा जिथे गळत होतं तिथे पावडर भिजून काळी पडली होती. दोन जोड आणि बादली उचलणाऱ्या सिलिंडरचं एक रबरी सील, अशा तीन जागा सापडल्या. मी सुटे भाग मागवले, त्याने बसवले. युक्ती चांगली होती, पण तोंडाने तसं काही मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठा कोरडा राहायला लागला. पण टाकीच्या काचेतली पातळी खालीच जात होती, आठवड्याला दोनेक लिटर. पाइप कोरडे, जमीन कोरडी, आणि तेल मात्र गायब.

माझ्या डोक्यात जे यायचं ते आलंच. जुन्या यंत्रांच्या हायड्रॉलिकमध्ये डिझेल इंजिनचं साधं तेलही चालतं. कंपनी ह्या लोडरला अनेक वर्षं तेच घालत होती. म्हणजे हे तेल कुठल्याही लॉरीला, कुठल्याही व्हॅनला चालण्यासारखं. टाकीचं झाकण कोण उघडतो? शफीकुल. वर तेल कोण ओततो? शफीकुल. आणि रोज सकाळी कोरडा पुठ्ठा आणून माझ्या नाकासमोर कोण धरतो? तोही शफीकुलच. तो पुठ्ठा रात्रीचा आहे की सकाळी बदललेला, ह्याचा पुरावा काय? मी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात तारीख टाकून सही करायला लागलो. सकाळी सही जागेवर असायची, आणि त्यामुळे माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा.

एकदा तो म्हणाला होता, की सर, एकदा चेनचा डबा उघडून बघू या. लोडरच्या दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधे एक बंद पेटी असते. तिच्यात चाकं फिरवणाऱ्या साखळ्या तेलात बुडून चालतात. त्या तेलाचा हायड्रॉलिकच्या तेलाशी संबंध नसतो. मला वाटलं, हा मला भलतीकडे वळवतोय. नंतर बघू म्हणून मी विषय बंद केला.

त्याच सुमारास आमचे मालक मिस्टर कोह ह्यांनी मला बोलावलं. शफीकुलचं वर्क परमिट महिनाअखेर संपत होतं. ते वाढवायचं की त्याला घरी पाठवायचं, हे त्यांना शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. तेलाचा घोळ त्यांच्या कानावर गेला होता. ह्यामागे कोण आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अजून पुरावा नाही, पण टाकीला हात लावणारा माणूस एकच आहे. नाव घेतलं नाही, असं मी घरी उर्मिलाला सांगितलं. ती आमटी ढवळत होती, तिने मान वर केली नाही.

"एकच माणूस म्हटल्यावर नाव घ्यायचं राहिलं काय?" ती म्हणाली.

मग मी पुरावा मिळवायच्या मागे लागलो. माहितीपुस्तकात ह्या लोडरला अडुसष्ट नंबरचं खास हायड्रॉलिक तेलही चालतं, असं लिहिलं होतं. सिंगापूरच्या बारमाही उकाड्याला ते बरंही पडतं. पण खरं कारण वेगळं होतं. ते तेल गाडीच्या इंजिनात चालत नाही, म्हणजे चोराला त्याचा उपयोग नाही; आता तेल उतरायचं थांबलं, की चोरी सिद्ध. सोमवारी मी टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. सगळं काम अर्थात शफीकुलनेच केलं, मी उभा राहून बघितलं. मग टाकीच्या झाकणाला आणि तेल काढायच्या खालच्या बोल्टला तार गुंडाळून दोन्हीकडे शिशाचं सील ठोकलं. काचेवर पातळीपाशी रंगाची रेघ मारली. शफीकुल हात पुसत बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं. आता सापडेल, असं मी मनात म्हटलं, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी विसरलेलो नाही.

बुधवारी मिस्टर कोहनी शफीकुलला ऑफिसात बोलावून घेतलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इंजिनीअरचा तुझ्यावर संशय आहे, शुक्रवारी कळेल, असं त्यांनी त्याला सरळ सांगून टाकलं. तो बाहेर आला आणि त्याने उरलेला ढीग हलवला. संध्याकाळी लोडर लावला आणि खाली पुठ्ठा सरकवला. त्याच्या वागण्यात मला काहीच फरक दिसला नाही.

शुक्रवारी सकाळी मी लोडरपाशी गेलो. पुठ्ठा कोरडा होता. दोन्ही सिलं शाबूत होती, तारेचा पीळही मी घातला तसाच होता. आणि काचेतलं तेल रेघेच्या दोन बोटं खाली गेलं होतं.

मी सिलं पुन्हा पुन्हा तपासली. भिंगसुद्धा आणलं. माझ्याच सिलाने मला सांगितलं, की टाकीला कोणी हात लावलेला नाही. शफीकुल पाना घेऊन मागे उभा होता.

"सर, तेल बाहर नहीं गया। तेल अंदर ही है," तो म्हणाला. "अब चेन का डिब्बा खोलूँ?"

मी मान हलवली. पेटीला पातळी तपासायचा एक बोल्ट असतो. तो काढल्यावर फार तर दोन-चार थेंब यावेत. शफीकुलने बोल्ट काढला आणि धार लागली. खाली ठेवलेली बादली भरली, तरी धार थांबेना. तो दुसरी बादली आणायला गेला, तोवर मी भोकाला अंगठा दाबून उकिडवा बसून राहिलो. तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरत होतं. चाकं फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरचं सील आतल्या बाजूने फाटलं होतं. टाकीतलं तेल सहा आठवडे पेटीत जाऊन साठत होतं. एक थेंबही यंत्राच्या बाहेर गेला नव्हता. त्याने हेच पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी ऐकलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

तसं उकिडवं बसल्या बसल्या मला पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलची खोली आठवली. आम्ही चौघं होतो. एकाचं घड्याळ हरवलं. आमची आडनावं पहिल्याच दिवशी विचारून झालेली होती. वॉर्डन आले आणि चारातली पहिली ट्रंक उघडली गेली ती माझी. कपडे, पुस्तकं, आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी, बाबासाहेबांचा फोटो, सगळं खाटेवर काढून ठेवलं. काही निघालं नाही. उरलेल्या तीन ट्रंका उघडल्याच नाहीत. घड्याळ पुढे सापडलं की नाही, ते मला कोणी सांगितलं नाही. ह्या गोष्टीचा राग मी चोवीस वर्षं जपला आहे. आणि तोच मी इथे एका माणसाच्या पुठ्ठ्यावर सही करत होतो. मला स्वतःची शिसारी आली.

तसाच तेलकट हाताने मी मिस्टर कोहच्या ऑफिसात गेलो. माझी चूक झाली, मोटरचं सील फाटलंय, तेल मशीनमध्येच होतं, परमिट आजच्या आज वाढवा, असं सांगितलं. ते म्हणाले, ओके, ओके, सील कधी येणार? परमिट वाढलं. नवं सील मंगळवारी आलं, शफीकुलने मोटर उतरवून ते बसवलं. तेव्हापासून काचेतलं तेल रेघेवर आहे.

मी त्याची माफी मागितली. भुशाच्या ढिगामागे, दुसरं कोणी नसताना मागितली, हेही सांगायला हवं. तो म्हणाला, "पुराना मशीन है सर, होता है।" मग त्याने विचारलं, की हेच तेल पुढे चालू ठेवायचं ना? मी हो म्हणालो.

पण त्या शुक्रवारच्या संध्याकाळपासून एक नवी गोष्ट सुरू झाली. घरी जाताना शफीकुल गेटपाशी माझ्यासमोर थांबतो. खांद्यावरची बॅग उतरवतो, चेन उघडतो आणि दोन्ही हातांनी बॅगेचं तोंड फाकवून माझ्यापुढे धरतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो, हे काय, बंद कर. त्याने हसून बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. मी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिलं, गेटवर जायचंच टाळलं. तेव्हा तो बॅग उघडी धरून ऑफिसच्या दारात आला.

उर्मिलाला सांगितलं, तर ती म्हणाली, अहो, तो टोमणा मारत असेल. मी नाही म्हणालो. घड्याळाच्या त्या प्रकरणानंतर हॉस्टेल सोडेपर्यंत मी माझ्या ट्रंकेला कुलूप लावलं नव्हतं. झाकणही अर्धवट उघडं ठेवायचो. तो टोमणा नव्हता, ती भीती होती, आणि ती कोणी नको म्हटल्याने जात नाही.

ह्याला आता सात महिने झाले. मी रोज नको म्हणतो, तो रोज बॅग उघडतो. त्या बॅगेत काय असतं, ते मला पाठ झालं आहे: जेवणाचा रिकामा डबा, ओला टॉवेल, पावडरचा डबा, थोरल्या मुलीचा नर्सच्या टोपीतला फोटो. पाठ झालं आहे, कारण नको म्हणता म्हणता माझी नजर रोज आत जाते.