ताईला काय झालं होतं

लग्नानंतर दोन वर्षांनी ताई उरणहून माहेरी, पनवेलला आली आणि परत जायला तयार होईना. मी तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून होतो. कामावर निघताना ती मागच्या पायरीवर बसलेली असायची, संध्याकाळी आलो तरी तिथंच. आईने फार खोदून विचारल्यावर एकदा म्हणाली, "तिथं मी बोलते ते कुणाला ऐकूच येत नाही."

हे भावजींच्या कानावर गेलं. ते बाबांना म्हणाले, "बघा, आता भासही व्हायला लागले."

पनवेलला दर शनिवारी मुंबईहून मानसोपचाराचे एक डॉक्टर येत. भावजी, बाबा आणि मी ताईला त्यांच्याकडे घेऊन गेलो. डॉक्टर सज्जन होते. झोप, भूक, सगळं त्यांनी शांतपणे विचारलं. ताई गप्प. भावजींनीच तिचं ते वाक्य सांगितलं आणि डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

सगळे बाहेर गेल्यावर मी थांबलो. "डॉक्टर, हा आजार रक्तात वगैरे दिसतो का?"

"नाही. वागण्यावरून ओळखतो आम्ही."

"पण सासरी जायचं नाही म्हणणं, हा आजार कसा?"

त्यांनी चष्मा काढला. "तिला त्रास होतोय की नाही?"

होत होता. जेवत नव्हती, झोपत नव्हती. त्रास खरा म्हणून आजार खरा, आणि आजार तिचा म्हणून औषधही तिलाच, हे इतकं सरळ होतं की चूक कुठे आहे ते मला दाखवता येईना. उरणचं घर कुणी तपासलं नाही. मीही नाही.

गोळ्यांनी ताई संथ झाली. दोन महिन्यांनी भावजी न्यायला आले तेव्हा निमूट निघाली. "बरी झाली पोरगी," बाबा म्हणाले. तिची बॅग एसटीत मीच चढवली.

पुढे तीन-चार वर्षांनी उरणला गेलो होतो. गोळ्या चालूच होत्या; ताई जाड झाली होती, हात थोडे थरथरत होते. सासूबाई देवळात गेल्या तेवढ्यात मी विचारलं, "ताई, चलतेस पनवेलला? कायमची?"

ती कपबशा पुसत राहिली.

"आता काय कारण सांगू रे?" ती म्हणाली. "आता तर मी बरी आहे."