आईसाठी घेतलेला जुना कोट

मी निघाले त्या सकाळी डिंभ्याची एसटी आलीच नाही. नेहमीचंच. शेवटी शेजारच्यांच्या टेम्पोत बॅगा टाकून मंचर गाठलं. आई रडली नाही. टेम्पो हलेपर्यंत माझ्या बॅगेची चेन ओढून ओढून बघत होती. मला मात्र कधी एकदा सुटते असं झालं होतं. खोटं कशाला बोलू?

सॅन फ्रान्सिस्कोत अकरा वर्षं झाली, तरी तिथंही बूड टेकत नाही. सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं, मग मी हाइट स्ट्रीटला जाते. साठेक वर्षांपूर्वी घरदार सोडून आलेली हिप्पी पोरं-पोरी तिथंच जमली होती. आता त्यांच्या नावावर दुकानं चालतात. रंगीबेरंगी टी-शर्ट, उदबत्त्या, पिशव्यांवर आपला गणपती. एकदा तर पायपुसण्यावर दिसला, तेव्हा भांडूनच आले. पण जुन्या कपड्यांच्या दुकानांत जीव रमतो. लोकांनी वापरून दिलेले कोट, झगे. तिथं असं जुनं घालणं म्हणजे ऐट. माझं निम्मं कपाट तिथलंच.

यंदा थंडीत गावी येताना आईसाठीही तिथूनच जांभळा लोकरी कोट घेतला. विमानात बसल्यावर आठवलं. आई दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं घरात येऊ देत नाही. लहानपणी गुरुजींच्या बायकोनं मला दिलेला फ्रॉक तिनं तस्साच परत केला होता. "फाटकं आसंल, पर आपलं पायजे," म्हणाली होती.

म्हणून सांगून टाकलं, नवा आहे. आईनं नव्या कापडाला लावतात तसं कोटाच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं, देवापुढं ठेवला, मग घातला. आणि आळीभर दाखवत सुटली, लेकीनं अमेरिकेतनं नवाकोरा आणलाय, लई ऊब हाय म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं भाकरी टाकत होती, तेव्हा बोलले एकदाचं. कोट दुसऱ्या कुणा बाईचा वापरलेला आहे, आणि मीही तिथं असलेच घालते.

वाटलं, आता अंगावर फेकणार. तव्यावरची भाकरी करपली. मग ती उठली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं, आणि हळूच म्हणाली, "तुझं भागतं का गं तिथं?"

मी हसायला गेले. अगं, फॅशन असते ती, म्हणायला गेले आणि हुंदकाच फुटला. पगार किती, घर कधी घेणार, हे इतक्या वर्षांत सगळ्यांनी विचारलं. हे कुणीच नाही. पैशाला कमी नाही हो. पण मी तिथं फार एकटी आहे, हे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही इथं राहिलेले आणि माझ्यासारखे गेलेले, सगळेच विचारता, आता तुझं घर कुठलं? मला ठाऊक नाही. माझी लाज झाकायला आईनं दार लोटलं, तेवढा वेळ मात्र मला कुठंही जायचं नव्हतं.