वादळात दाराला लावलेली पाठ

बायको गेल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. मेडशीजवळच्या आमच्या मळ्यातल्या टिनाच्या घरात मी एकटाच राहत होतो. एका दुपारी आभाळ मातकट झालं आणि वारा असा सुटला की दाराची कडीच उपटून निघाली. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. डोक्यावरचं एक टिन उडालं, तसा मी ओरडलो, "अवं, खाट सरकव इकडं, दाराले लावू!"

बोलून गेल्यावर ध्यानात आलं, की खाट सरकवायला घरात कोणी नव्हतं. मग वारा पडेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

वारा पडल्यावर शेजारच्या मळ्यातली वहिनी धावत आली.

"भाऊजी, लागलं तं नाई ना तुमाले?"

"नाही," एवढंच मी म्हणालो. बाहेर वांग्याची झाडं आडवी झाली होती.

"चूल तं मातीनं भरली असन तुमची. चाला, आज आमच्याकडं जेवा."

मी गेलो. भाकर वाढताना ती म्हणाली, "अजून घ्या नं." किती तरी महिन्यांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. ताटावरून मान वर करायला मला बराच वेळ लागला.