आधी बॉनेट, मग नंबर

माझे बाबा मोटार क्लबात एकतीस वर्षं नोकरीला होते, आणि त्या क्लबाचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं.

क्लब जुना. मोजक्या गाडीवाल्यांनी काढलेला. देशभर वळणांचे नि चढांचे फलक आधी त्यांनीच लावले, पुढे रस्त्यात अडलेल्यांच्या मदतीला पिवळ्या गाड्या आणल्या. डोंगररस्त्यावरची पिवळी गाडी बाबांची. क्लबाचा तेव्हाचा नियम आणि बाबांची शिस्त एकच: आधी बॉनेट उघडायचं, सभासद नंबर मग विचारायचा. समोरचा सभासद नाही निघाला तरी गाडी चालू करून द्यायचे, आणि ती वळणाआड जाईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. या उद्योगापायी तीन मेमो खाल्ले. स्वतः मात्र कधी सभासद झाले नाहीत. "आपणच क्लब, आपल्याला कसलं कार्ड?"

ते निवृत्त झाले आणि साहेबलोकांनी नियम उलटा केला. आधी नंबर यंत्रात घालायचा, मगच गाडीला हात. बाबांच्या हे फार जिव्हारी लागलं. क्लबाच्या शताब्दीला त्यांचा सत्कार ठरला, बोलायला पाच मिनिटं मिळाली. "सत्काराचं राहू दे. जुना नियम परत आणा, एवढंच सांगणार," म्हणाले, आणि आठ दिवस आरशासमोर भाषण घोकत राहिले.

समारंभाच्या सकाळी गाडी मी चालवत होते. डोंगररस्त्यावरच फॅनबेल्ट तुटला. काम दहा मिनिटांचं, पण जादा बेल्ट जवळ नव्हता. तेवढ्यात पिवळी गाडी आली. चालवणारा बाबांच्याच हाताखाली शिकलेला.

"उस्ताद, तुम्ही?" तो उतरला, मग यंत्राकडे बघत चुळबुळला. "नंबर सांगता?"

"नंबर नाही रे माझ्याकडे."

"मग कसं करू? कुठे थांबलो, किती वेळ थांबलो, सगळं यातून वर साहेबांना दिसतं. गेल्या महिन्यात दोघांना घरी बसवलंय."

"पाना धरायला कोणी शिकवलं तुला? त्यांनाच नंबर विचारतोस? लाज नाही वाटत?" मी म्हणाले.

बाबांनी मला हातानेच गप्प केलं. "जा तू. तुझ्या पोटावर पाय नको यायला."

आणि तो खरंच गेला.

एका ट्रकवाल्याने आम्हाला शहरात सोडलं. सभागृहात खुर्च्या उचलत होते. कारकुनाने, फार उशीर केलात, असं वर ऐकवून पाकीट हातात दिलं. आत काय, तर क्लबाचं आजीव सभासदत्व. छापील नंबरासकट. मी ते तिथेच फाडणार होते. बाबांनी कार्ड खिशात टाकलं. "चल. चारला तो परतीच्या फेरीवर असतो."

बसने गाडीपाशी परतलो. बाबांनी नवा बेल्ट विकत घेऊ दिला नाही. चारला पिवळी गाडी आली.

"उस्ताद, नंबर मिळाला का?" त्याने मान खाली घालून विचारलं.

"आधी बॉनेट."

त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं. मग ते सीटवर टाकून त्याने बॉनेट उघडलं. बेल्ट बसला, इंजिन सुरू झालं. तेव्हा कुठे बाबांनी कार्ड काढून नंबर सांगितला.

आम्ही निघालो. बाबा शेजारी बसून ते न झालेलं भाषण पुटपुटत होते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वळण घेताना मी आरशात पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता.