तेंदूचं पान

गोंदियाच्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचे बी.ए.चे वर्ग फक्त रविवारी भरतात. तिथे माझ्या पुढच्या बाकावर विड्या वळणारी एक मावशी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. सर बोलायला लागले की तिची बोटं आपोआप चालू व्हायची आणि समोरच्या कागदाची विडी व्हायची, तोंडसुद्धा नीट मुडपलेलं.

"परीक्षेत असा पेपर वळलात तर बाद होईल," सर म्हणाले.

"हात थांबले का डोकंबी थांबते, सर."

म्हणून परीक्षेला तिनं घरून तेंदूचं पान आणलं. उजव्या हातानं ती उत्तरं लिहायची आणि डाव्या हातानं पान वळायची. पर्यवेक्षकांना कॉपीचा संशय आला. त्यांनी पान उलगडून उजेडात धरलं. ते कोरंच होतं.

"पाहा ना निवांत," मावशी मान वर न करता म्हणाली. "पण वापस द्याल तं वळून द्या."

ते खरंच वळायला लागले. पान सारखं सुटत होतं. मावशीनं तोवर पिशवीतून दुसरं काढलं होतं. हॉलभर खुसखुस पसरली, आणि हसण्याच्या नादात माझा शेवटचा प्रश्न राहूनच गेला.

घंटा झाली. पेपर देताना मावशीनं त्यांच्या हातातली विडी निरखून पाहिली.

"तोंड उघडं राहिलं, सर. रविवारी येत जा."