फुल, मिनिमम की कस्टम

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलचं काम प्रकल्पाला घेतलं होतं. कुठल्या तापमानाला रंग पक्का बसतो, ते आकड्यांवरून काढायचं होतं. त्यासाठी लागणारा प्रोग्राम सरांनी फ्लॉप्यांवर दिला. कॉम्प्युटर दादाचा. तो त्यावर साड्यांची डिझाइनं करायचा आणि हार्ड डिस्क त्याच्या वेलबुट्टीनं भरत आलेली.

बसवायला घेतलं तर पहिलाच प्रश्न आला: फुल, मिनिमम की कस्टम? फुलला जागा नव्हती. मिनिममवर सरासरीपलीकडे काही निघणार नाही, असं सर म्हणाले होते. म्हणून कस्टम घेतलं. निवडायला समोर भागांची नुसती नावं आली. कोणता कशाला लागतो, याचा पत्ता नाही. मला रिग्रेशन, म्हणजे तापमान आणि रंगाचा संबंध आकड्यांवरून काढणारा भाग, हवं होतं. ते ठेवून बाकीचं बरंचसं मी गाळलं. एकामागून एक फ्लॉप्या घातल्या, प्रोग्राम सुरू झाला, आणि रिग्रेशन म्हटल्याबरोबर त्यानं कळवलं की त्यासाठी लागणारा एक भाग बसवलेला नाही. कोणता, ते काही सांगितलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून. एक भाग वाढवावा तर जागा संपे, दुसरा काढावा तर प्रोग्राम अडे. आई स्वयंपाकघरातून आमच्या अहिराणीत विचारी, "तुनं व्हयनं का?" झालं का, एवढंच तिला विचारायचं असे, पण मला रडू येई.

शेवटी दादाच म्हणाला, "माझी डिझाइनं फ्लॉपीवर काढून ठेवतो. तू फुलच टाक. पण सोमवारी शेठला नवी किनार दाखवायचीय, त्याआधी मशीन मोकळं कर."

फुल टाकायला घेतलं, तर शेवटाकडची एक फ्लॉपी वाचलीच जाईना. ती घेऊन बसनं सरांकडे गेले. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "माझ्याकडे तर चालली होती." नवी करून द्यायलाही त्यांनी दुपार लावली.

रविवारी प्रोग्राम एकदाचा बसला. मी आकडे भरले, बटण दाबलं, आणि पापणी लवायच्या आत उत्तर आलं. इतक्या झटक्यात आलं की आनंद व्हायच्या ऐवजी माझा संताप झाला. उत्तर उतरवून घेतलं, दादासाठी प्रोग्राम काढून टाकला आणि न जेवताच झोपले.